साखरपुड्याचा डीजे आणि आमची वृषाली

शनि. १० जाने.
सकाळी आंब्याच्या कलमांवर फवारणी. यंदा मोहोर बरा आहे, थंडी टिकली पाहिजे.
संध्याकाळी शेजारी, अनंताच्या रोहनचा साखरपुडा. मी आणि ही गेलो. लेकीची, वृषालीची, पोलीस स्टेशनात रात्रपाळी, तिला रजा नाही. मुलगी पावसची, शिकलेली, डोळ्याला डोळा भिडवून बोलते. जेवण उत्तम. मोदक कोणी केले त्याची चौकशी करून आलोय.
आता घरी. म्हातारी माणसं जेवून गेल्यावर डीजे सुरू केलाय. रोहनचे मुंबईचे मित्र. खिडकीच्या काचेला हात लावला तर काच थरथरते आहे. ही कानात कापूस घालून पडली. मी दोन्ही घरांमधल्या दगडी गडग्यापाशी जाऊन अनंताला हाक मारली, जरा हळू करा म्हटलं. म्हणाला, पोरांचा आनंद आहे, आजचा दिवस सांभाळून घे. म्हटलं बरं.
सांभाळून घ्यायलाच हवं. अनंताने आमच्यासाठी जे केलंय ते

रवि. ११ जाने.
काल वही तशीच टाकून बाहेर धावलो. आता शांतपणे लिहितो.
गेटाशी गाडी थांबल्याचा उजेड पडला म्हणून पडवीत आलो. पोलिसांची गाडी. कुणीतरी ११२ ला फोन केला होता. हवालदार गाडीतच थांबले आणि दुसऱ्या बाजूने उतरली ती आमची वृ. युनिफॉर्ममध्ये.  मी गडग्याच्या अलीकडेच उभा राहिलो. गडगा आता कमरेएवढाच उरलाय, त्यामुळे सगळं दिसत होतं.
ती सरळ आत गेली. आधी डीजेवाल्याला आवाज बंद करायला सांगितलं. तो रोहनकडे बघायला लागला. एका मित्राने मोबाइल काढून तिचं शूटिंग सुरू केलं. तिने त्याला अडवलं नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही. अनंता पुढे आला. त्याला आधी कळलंच नाही कोण आहे ते. कळलं तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला,
"माझ्या गाडीत बसून भरतीला जायचीस तू."
खोटं नाही. तिच्या भरतीच्या वेळी मी एसटीवर ड्रायव्हर, मुंबई गाडीला. पहाटे तिला रत्नागिरीला मैदानावर नेऊन सोडायचा तो अनंता. सरावात पाय मुरगळला तेव्हा दवाखान्यात नेणारा तोच. मी दोन दिवसांनी घरी आलो तर पोरीच्या पायाला पट्टी आणि अनंता पुढच्या अंगणात, खळ्यात, खुर्ची टाकून बसलेला.
वृ. म्हणाली, "होय काका. ते मी विसरले नाय, विसरणार पण नाय. आता आवाज बंद करा."
आवाज चढवला नाही. मान खाली घातली नाही. मला वाटतं तिथे असलेल्या प्रत्येकाला ऐकू गेलं.
 मग अनंतानेच हात वर करून डीजेवाल्याला खूण केली. निघताना ती रोहनपाशी थांबली, "अभिनंदन रोहनदादा" म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. मी तिथे आहे हे तिला ठाऊक होतं.
आयुष्यभर एसटी चालवली. घाटात, पावसात, कधी गाडी घासली नाही, त्याचा अभिमान होता. तो काल रात्री लहान वाटला.

सोम. १२ जाने.
वृ. झोपून उठली. ही तिच्यावर चिडलेली. म्हणे हवालदार होते ना बरोबर, तू गाडीत बसून राहायचंस, तुझं तोंड कशाला दाखवायला गेलीस.
वृ. चहा पीत होती. म्हणाली हवालदार तेच सांगत होते, तू बस, मी जातो. तिनेच नको म्हटलं. "दुसऱ्या कुणी काकांना पाहुण्यांसमोर दरडावलं असतं तर मला बघवलं नसतं. मी गेले म्हणून साध्या शब्दांत झालं."
 नंतर ही स्वयंपाकघरात डोळे पुसताना दिसली, विचारलं तर कांदा म्हणाली. कांदा चिरलेला कुठे दिसला नाही.
मी विचारलं फोन कोणी केला होता. "बाबा, ते विचारायचं नाय." बस्स. बापालाही नाही.
दुपारी कळलं, अनंताच्या घरी ठाम समज आहे की फोन आम्हीच केला. आधी मी हळू करा म्हणून गेलो, ऐकलं नाही, म्हणून पोरीला बोलावलं.

बुध. १४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन ही शेजारी गेली. अनंताच्या बायकोने, सुलभावहिनींनी, दारातच घेतला, आत या म्हटलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
संध्याकाळी खालच्या घरातल्या ताराकाकी आल्या. बसल्या आणि रडायलाच लागल्या. फोन त्यांनी केला होता. त्यांच्या यजमानांना, आबांना, हृदयाच्या ऑपरेशननंतर नुकतंच घरी आणलेलं. त्या रात्री आबा घामाघूम झाले, छाती धरून बसले. काकी एकट्या, काय करणार. येईल तो पोलीस येईल असं वाटलं, वृ. येईल हे डोक्यातही नव्हतं. आता तुमचं नाव खराब होतंय, मी उद्या जाऊन अनंताला सगळं सांगते म्हणाल्या.
मी नको म्हटलं. आबांचं दुखणं काढायचं आहे, त्यात अनंताचं तोंड चुकवत जगणं त्यांना झेपायचं नाही. आम्हाला झेपेल. हिनेही मान हलवली. मला वाटलं होतं ही ऐकणार नाही.
काकी गेल्यावर ही म्हणाली, पोरगी सांगत नाही तर आपण कशाला सांगायचं.

शनि. १७ जाने.
नाक्यावर दुकानात अनंता भेटला. आठवड्यानंतर पहिल्यांदा बोलला. दुकानात चारचौघे होते.
"कायदा आम्हालाच काय रे? माघीला देवळाचा भोंगा पहाटेपर्यंत वाजतो, तेव्हा तुझी पोलीस पोर कुठे असते?"
 साखर घेतली, घरी आलो. चहापत्ती विसरलो.
दिवसभर तेच डोक्यात. राग आला होता तो जेवणापर्यंत टिकला. नंतर विचार केला, चूक काय बोलला? वाडीच्या भजन मंडळाचा सेक्रेटरी मी. भोंगा देवळासमोरच्या झाडावर बांधतो कोण, तर मी. माघी गणपतीला रात्रभर भजन आणि भोंग्याचं तोंड थेट खालच्या घरांकडे. आबा यंदाही तिथेच झोपणार आहेत.

सोम. १९ जाने.
देवळात मंडळाची मीटिंग घेतली. मी म्हटलं, यंदा रात्री दहाला भोंगा बंद. भजन चालू ठेवायचं, पण नुसत्या गळ्यावर.
गडबड झाली. देवाच्या कामात कसला कायदा. बापजाद्यांपासून चालत आलंय. (भोंगा बापजाद्यांपासून नाही, मीच रत्नागिरीहून आणला होता. हे सांगितलं तेव्हा थोडे हसले.) एकजण म्हणाला, पोरीची नोकरी सांभाळायला करतोस तू हे.
म्हटलं, होय, तेही आहे. तिने ओळखीच्या माणसाच्या दारात जाऊन आवाज बंद केला. उद्या तिला इथे यावं लागलं तर तिने काय करायचं? तिच्यावर ती पाळी आपण आणायची नाही.
 मग मुख्य गाणारे भजनीबुवाच म्हणाले, यंदा करून बघू. जमलं नाही तर पुढच्या वर्षी बघू. बुवांनी म्हटल्यावर झालं.

शुक्र. २३ जाने.
घसा पूर्ण बसलाय, बोलणं बंद, लिहितो तेवढंच.
काल माघी गणपती. दहा वाजता मी स्वतः उठून भोंग्याच्या मशीनचं बटण बंद केलं. एकदम पोकळ वाटलं. बुवांचा आवाज बारीक वाटायला लागला, पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दोन गजर तसेच पडल्यासारखे गेले. मग बुवांनी सगळ्यांना जवळ सरकून बसायला सांगितलं. बायकाही पुढे आल्या. आणि लागलं. एरवी माइकवर दोघं गातात, बाकीचे टाळ कुटतात. काल झाडून सगळे गायले. मीसुद्धा, आणि माझा आवाज हॉर्नसारखा आहे.
आज सकाळी काकी म्हणाल्या आबांना झोप लागली. थोडंसं भजन ऐकू येत होतं, बरं वाटत होतं म्हणाले.
अनंताकडून देवळात नारळ आला होता, गड्याच्या हाती. स्वतः आला नाही.
वृ.ला फोन करून सांगितलं. बंदोबस्तात होती. "बरं केलंत बाबा," एवढंच. ड्यूटीवर जास्त बोलत नाही. पण फोन ठेवायला तिने जरा वेळ लावला. 
आज स्वतःचाही थोडा अभिमान वाटतोय. कुणाला दाखवायचा नाही, इथे लिहून ठेवतो.

गुरु. १२ फेब्रु.
कैरी वाटाण्याएवढी.
सकाळी अनंता खळ्यात आला. एकटा, हातात रोहनच्या लग्नाची पत्रिका. बस म्हटलं तर बसला नाही. घाई आहे, अजून पुष्कळ घरं व्हायचीत म्हणाला. मोहोरावर तुडतुडे आहेत का ते विचारलं. मी सांगितलं कमी आहेत. त्याच्याकडे जास्त आहेत. औषधाचं नाव सांगितलं. अक्षता हिच्या हातावर ठेवल्या आणि गेला. साखरपुड्याचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.
गेल्यावर पाकीट बघितलं. वर अनंताच्या अक्षरात:
पोलीस शिपाई कु. वृषाली व परिवार.
वाडीतल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका आजवर माझ्या नावाने आली. हिचं म्हणणं हा टोमणा आहे, शुद्ध टोमणा, पोलीस म्हणून डिवचलंय. मी म्हटलं मान आहे. टोमणा मारायचा तर माणूस स्वतः चालत कशाला येईल? ही म्हणाली, तोंडावर मारायला. दुपारभर आमचं हेच चाललं होतं.
संध्याकाळी वृ. आली. पाकीट उलटसुलट करून वाचलं. म्हणाली, "पद बरोबर लिहिलंय." बाकी काही नाही. मग तारीख बघितली, रजा मिळते का विचारते म्हणाली. मिळाली तर साडी नेसून जाणार. नाही मिळाली तर त्या रात्री ड्यूटी कुठे लागेल ते सांगता येत नाही.
हळदीला डीजे आहे असं ऐकतो. किती वाजेपर्यंत, ते अनंतालाच माहीत.
ही येईल की नाही ते अजून सांगत नाही. मी जाणार. परिवार म्हणून.