बिनजॅमचा एक पेला

१४ जानेवारी
आईला पुरून आलो त्या दिवशी आजोबा म्हणाले होते, "जहाजातून आपल्या बेटावर साखर आली आणि आपल्या घरच्या पोरी तिशीतच जायला लागल्या." आई एकतीसची होती. मेंदूत रक्तस्राव. आजोबांची आजी मात्र दह्याच्या आंबट पाण्यात मुरवलेलं मटण खात सत्तरीला पोचली. डॉक्टर म्हणतात, साखर नव्हे, एक जीन आहे. मी सेहेचाळीस, म्हणजे माझ्यात नाहीच. तरी संकल्प : रोज पेलाभर दह्याचं आंबट पाणी. साखर बंद.
लेकीचा, इल्मुरचा फोन. आई, तू टेस्ट कर, तुझ्यात नसेल तर माझ्यातही नाही, सुटले मी. पोरीला सोमवारी जाते म्हटलं.

१९ जानेवारी, सोमवार
बर्फ. रस्ता बंद असणार. (नव्हता.) पाणी प्याले. भयंकर.

२३ जानेवारी
पाण्यात चमचाभर ब्लूबेरी जॅम. जॅम म्हणजे फळच.

३० जानेवारी
पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात बेर्गथोरा नर्स भेटली. सगळ्यांदेखत म्हणाली, आंबट पाण्याने कुणी वाचत असतं ना, तर पिंपात त्यातच मुरवलेलं मेंढ्याचं मुंडकं बोलायला लागलं असतं. सगळे हसले. मीही. मग हळूच म्हणाली, टेस्ट दोन मिनिटांचं काम आहे गं.
डावी बोटं बधिर. थंडी.

६ फेब्रुवारी
टेस्ट पुढच्या आठवड्यात, नक्की. विणताना टाके सुटतात. या वर्षीची लोकरच वाईट.
जॅम दोन चमचे.

१२ फेब्रुवारी, दुपारी चार
इल्मुर न कळवता रेक्याविकहून आली. तुझ्या सोमवारची वाट बघत म्हातारी झाले असते, म्हणाली, आणि टेबलावर कागद ठेवला. तिने स्वतःचीच टेस्ट केली. जीन आहे. तिचा बाप डॅनिश, त्याच्या घरात असलं काही नाही. म्हणजे माझ्याकडूनच.
काहीच वाटलं नाही. जेवलीस का, विचारलं. आई, रड तरी, म्हणाली. मग फ्रिज उघडून तिने बाटलीतला एक घोट घेतला. हे तुझं औषध? अगं, सरबत आहे हे!
आता माझ्या टेस्टची गरजच उरली नाही. तेवढं एक काम वाचलं.
ती आंघोळीला गेली आहे. नवी बाटली फोडून दोन पेले भरलेत, बिनजॅमचे. एक भरताना थोडं सांडलं. आली की म्हणणार आहे, माझ्यासोबत एक पी. लहानपणापासून तिला याचा वाससुद्धा सोसत नाही. नाहीच म्हणेल.