कोकरू खोडलेलं चित्र

केम, फाल्गुन शु. ५, शके १८५६

चि. बिरदेवास,

अ. उ. आ. ही अक्षरं गुरुसिद्धप्पा दुकानदारांनी रीत म्हणून घातली. आशीर्वाद त्यांचे समज. माजे मी अजून राखून ठेवलेत.

तुला आजी हाय, हे सोलापूरच्या छापखान्यात शाई ढवळताना इसरला असशील. म्हणून आदी सांगते: मी बनाबाई, तुज्या बापाची आई, मेंढरांमागं हिंडणारी. ओळख पटली का?

तुज्या चित्रांचं पोरांचं पुस्तक हितल्या शाळेत आलं. कोंडीबाच्या लेकीनं मला दावलं. अक्षर मला कळत न्हाय, पण माजं नाक मला कळतं. चुलीपाशी मी बसलेय, हात पुढं पसरलाय. खालचं पोरीनं वाचून दावलं: या आजीला घर नाही, तिला काहीतरी द्या.

अरं, त्या हातावर कोकरू होतं की! आई मेलेलं, माजं बोट चोखत होतं. तू म्होरं बसून काढलंस. ते कुटं गेलं? लांडग्यानं नेलं का छापखान्यानं?

कोंडीबाच्या रानात आपुन सालोसाल मेंढरं बसवतो. लेंडीखत त्याचं, जुंधळा आपला, मान दोघांचा सारखा. औंदा ते चित्र बघून त्याची बायको दगडाबाई शिळी भाकर घिऊन आली आणि पुण्य लागावं म्हणून लेकीच्या हातनं माज्या पदरात टाकली. कोंडीबानं जुंधळ्याचं नाव काढलं न्हाय. म्हणाला, बेघर माणसांनी भाव करू ने, रानात बसू देतो हेच लई झालं. ती भाकर कुत्र्यानं हुंगली आणि माज्याकडं बघितलं.

पुस्तक पुन्यांदा छापशील तवा कोकरू परत पायजे. न्हाय तर मला आजी म्हणू नगंस.

बनाबाई

*

सोलापूर, ता. १६ मार्च १९३५

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं, चाबूकही पोचला.

कोकरू मालकांनी खोडायला लावलं. म्हणाले, कोकरू बघून पोरं हसतील, त्यांना दया येणार नाही. मी खोडलं. पण आपल्याला घर नाही, हे मी खोटं काढलेलं नाही. गारपिटीत माझा थोरला भाऊ, येडूदादा गेला तेव्हा आपल्या डोक्यावर काय होतं? त्याला ओल्या घोंगड्यात गुंडाळून आणलेलं मी पाहिलंय. तू मानाचं बोलतेस, मला ते घोंगडं आठवतं. शहरातल्या पोरांना हे कळावं म्हणून तर मी हे काम धरलं.

पुस्तक लवकरच पुन्हा छापायला घेणार आहेत. मी हट्ट केला तर मालक मला काढतील. तेव्हा चित्र आहे तसंच राहील. तुला आजी म्हणायचंही मी सोडणार नाही.

रागाच्या तळाशी थोडा लोभ उरू द्यावा.

तुझा बिरदेव

*

केम, फाल्गुन व. २

चि. बिरदेवास,

पत्र दुकानात वाचून घेतलं. येडूचं नाव आलं तसं गुरुसिद्धप्पा थांबले. मी म्हणलं, वाचा.

व्हय, गारा पडत होत्या. पण तू ल्हान होतास, तुला अर्धंच ठावं. मी येडूला पाठुंगळी मारून भर दुपारचं गावात पळाले. दारं बडवली. आत माणसं बोलत होती. एकीनं आतनंच सांगितलं, मेंढरांचा वास येतो, म्होरं जा. कुनी कडी काढली न्हाय. येडू घोंगड्याखाली गेला न्हाय रं, लोकांच्या ओट्यावर गेला.

मग काढ की ते! ओटा काढ, बंद दार काढ, दारात मी. हात पसरलेला ऱ्हाऊ दे, तवा मी खरंच मागत हुते. खाली लिव्ह: घर होतं, उघडलं न्हाय. बघू शहरातली पोरं कुनाची कीव करत्यात ती.

तुजा मालक हे छापायचा न्हाय, हे मलाबी कळतं. इचार तर. त्याचं तोंड बघून घे, आणि मग तितं ऱ्हायचं का न्हाय ते तुजं तू ठरव.

कोंडीबाचं रान मी सोडलं. जुंधळा न्हाय तर खत न्हाय. उद्या करमाळ्याच्या अंगाला निघतोय. लोभ हाय तेवढाच हाय. वाढवायचं तुज्या हाती.

औंदा दाणं कमी पडतील. एक पोतं जुंधळा धाड, कमळाभवानीच्या देवळापाशी आमी घिऊ. पीठ धाडू नगंस. माजं दळायचं जातं घोड्यावर हाय.

बनाबाई