आबांचा नऊ

देवपूर, धुळे
१२ डिसेंबर १९९८

प्रिय असलम,

आधी बातमी सांगते. आपल्या कॉम्प्युटर क्लासमधलं जुनं मशीन सुरू झालं. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, सात वर्षं गावोगाव फिरून गोळा केलेले आणि तू रोज संध्याकाळी बसून टाइप केलेले अहिराणी शब्द जसेच्या तसे आहेत. एकही गेलेला नाही. नुसतं एवढंच लिहून पाकीट बंद करता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

जळगावला मेहुण्याच्या दुकानात टेपरेकॉर्डर दुरुस्त करतोस, असं कळलं. ऐकून जीव तुटला. पण तुला तिकडे धाडलं कोणी? मीच ना! सन दोन हजार उजाडलं की मशीन तारखा चुकवेल, असं कुठेतरी वाचून मशीन सुरू करणारी बायोसची नवी चिप बसवायचा हट्टही माझाच. आधी सगळं फ्लॉप्यांवर उतरवू, असं तू म्हणत होतास, आणि मला घाई. मार्चात चिप बसवली आणि मशीन सांगू लागलं, डिस्कच नाही.

तू शांत होतास. डिस्कचे तीन आकडे नव्या चिपला सांगितले की तिला डिस्क दिसेल, म्हणालास. डिस्कवरची आकड्यांची पट्टी आपल्या धुळ्याच्या उकाड्याने कधीच सुकून पडलेली, म्हणून आबांनी पूर्वी वहीत उतरवून ठेवलेले आकडे मी वाचून दाखवले: एक हजार चोवीस, एक, सतरा. मधल्या आकड्यावर तू अडलास. नक्की एकच का, म्हणून दोनदा विचारलंस. मी फणकारले. दिवसभर खटपट केलीस, डिस्क काही दिसली नाही. आबा भिंतीला टेकून ‘मन्हं बठ्ठं गयं’ म्हणाले. सगळं गमावलेल्या त्यांच्याकडे बघवेना, तशी मी सगळ्यांसमोर बोलून गेले की असलमनेच पुसलं. तू क्लासची चावी टेबलावर ठेवलीस आणि गेलास. माझ्या तोंडाला कुलूप का नाही, हे देव जाणे.

दिवाळीनंतर आबांनी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, पुन्हा ‘अ’पासून हाताने लिहायला घेतलं. मी पानं लावत होते. आठव्या पानानंतर परत पान एक! पानं चुकली म्हणून सांगायला गेले, तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, ‘अवं, एक नही, तो नऊ शे.’ सगळे आकडे मराठीत लिहिणारा हा माणूस नऊ तेवढा इंग्रजी काढतो, आणि त्यांच्या हातचा इंग्रजी नऊ म्हणजे हुबेहूब आपला एक. म्हणजे वहीतला तो मधला आकडाही नऊच असणार! मशीनपाशी गेले, मधल्या आकड्याच्या जागी नऊ घातला, आणि दोन मिनिटांत आबांची फाइल समोर आली.

याला आज अकरा दिवस झाले. सुनेने वाचवलं म्हणून आबांनी गल्लीभर पेढे वाटले. मी वाटू दिले. नऊची गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. आज दुपारी तुझी आई पांझरेचा पूल ओलांडून पायी आली. माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, ‘माझ्या असलमची चूक पोटात घाला, ताई. लाजेनं तो बकरी ईदलाही घरी आला नाही.’ आणि असलम, मी म्हटलं, ‘जाऊ द्या अमिनाबी, झालं ते झालं.’ मी तिला माफ केलं रे! ती मला दुवा देत, डोळे पुसत गेली, तेव्हापासून हे लिहितेय. पत्र पेटीत टाकून तशीच तुमच्या घरी जाणार आहे. आबांनाही सोबत नेते, त्यांच्यासमोरच तिला सगळं सांगेन. मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही. पण तू घरी ये. तुझी चूक नव्हतीच.

तुझीच,
प्रमिलाताई