नव्या खांबावर काकांचं नाव

४ मार्च

मला समितीवर घेतलं! चौकातल्या युद्धस्मारकाच्या. जन्मभर समित्यांची टिंगल करून पेपरात सदर चालवलं, त्याची ही शिक्षा. अध्यक्ष म्हणाले, "बाई, स्मारकाचा इतिहास लिहा. चार ओळी. विनोदी नको."

७ मार्च

इतिहास गोळा करत हिंडले. चौकोनी दगडी खांब, माथ्यावर दगडी हेल्मेट, चारी बाजूंना लढाईत गेलेल्यांची नावं – इथवर गावाचं एकमत. पुढे नुसता सावळागोंधळ.

मूळ कल्पना म्हणे अशी, की ज्याचं घर ज्या दिशेला त्याचं नाव त्याच बाजूवर. आईला दारातून दिसावं म्हणून. टिंगल करायला जागाच नाही! मग कळलं, नळाचे पाइप टाकताना खांब उचलला आणि परत बसवताना फिरला. कुणाच्या लक्षात नाही आलं? "आलं ना! पण नळाला पाणीही आलं होतं." तेव्हापासून बेकरीसमोर शिंप्याचा भाऊ, आणि शिंप्यासमोर आमचे काका. शिंपीणबाई रोज सकाळी आमच्या काकांना हात जोडते.

"आता सवय झालीय हो त्यांची," म्हणाली. "फिरवू नका."

हे चार ओळींत कसं बसवू?

९ मार्च

सभा. जुनी अक्षरं झिजली, म्हणून नवा खांब. काकांच्याच तुकडीतले एक माजी सैनिक आहेत, आवाजामुळे गाव त्यांना तोफखाना म्हणतं. त्यांना शेजारी तोफ हवी. अध्यक्षांना कारंजं.

"मेलेल्यांसमोर कारंजं?"

"अहो, रंगीत दिवे आहेत त्यात!"

मी वही काढली. सदराचा मजकूर आयता मिळत असताना मध्ये बोलू नये. शेवटी ठरलं – आकार जुनाच, दगड नवा, नावं पुन्हा कोरायची, घरच्यांना विचारून. कोणत्या बाजूला? ते पुढच्या सभेत.

११ मार्च

आमच्या घरचं विचारणं म्हणजे आत्याला विचारणं. काकांची पाठची बहीण. वाटलं, डोळे भरून येतील. ती शेंगा सोलत होती.

"त्याचं नाव घालू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे नको. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"अगं, जुन्यावर आहे की!"

"तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं."

१२ मार्च

काही केल्या उलगडत नाही. लाज वाटते म्हणावं, तर आल्यागेल्याला काकांचा गणवेशातला फोटो दाखवते. राग म्हणावा, तर त्यांचं नाव निघालं की आवाज मऊ होतो.

तोफखान्यांना गाठलं. काका नेमके कसे गेले? या माणसाला हळू बोलता येतं हे आजच कळलं.

"नदी ओलांडत होतो. पलीकडे पोचल्यावर तो दिसला नाही."

"आणि देह?"

"पूर होता, बाई." मग चष्मा पुसत बसले. स्वच्छच होता.

१५ मार्च

आत्याने अबोला धरलाय. चहा मात्र वेळेवर. आदळून.

१८ मार्च

दगड आला. पाथरवट म्हणतो, खांब उभा करायच्या आत सांगा, नंतर कोरणं अवघड. अध्यक्ष म्हणाले, "सख्ख्या काकाला वगळून इतिहास लिहिणार? लोक तुमच्यावरच सदर लिहितील!"

घरी येऊन म्हटलं, "आत्या, मी कोरायला सांगतेय. माझेही काका होते ते."

तिने माझं मनगट धरलं. केवढी ताकद!

"दुसऱ्यांदा नाही कोरायचं. एकदा कोरलं तेवढं पुरे. माझ्या डोळ्यांदेखत नाही!"

मला वाटलं होतं, ही हट्टाला पेटलीय. हट्ट नव्हता. ती भ्यायलेली होती! पण दगडाला कोण भितं? मी तरी काय करू? पाथरवटाला थांब म्हटलं.

२० मार्च

सकाळी आत्याला फोन आला. दुसऱ्या टोकाला एक बाई रडत होती, मला इथवर ऐकू येत होतं. आत्या नुसती हं, हं करत राहिली. फोन ठेवला. मग म्हणाली,

"पाथरवट गेला नाही ना? त्याला सांग, आता कोर. तुझा काका पहाटे गेला."