तीन मुठी माती

उस्ताद, या पाठदुखीची खरी किंमत झाली तीन मुठी माती. डॉक्टर, पट्टे, गोळ्या हे सगळं किरकोळ. तुम्हाला कबरीत ठेवल्यावर लोक एकेक करून वाकत होते, तीन-तीन मुठी माती देत होते, आणि मी ताठ उभा होतो. आदल्याच आठवड्यात कळवणला बोअरमधली मोटार ओढताना कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. वाकलो असतो तर सगळ्यांसमोर ओरडलो असतो. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "त्यांच्यात नसेल चालत." माझे कान तुम्हीच तयार केलेले, मला ऐकू आलं. तुमच्या मुलालाही आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "कंबर धरलीये रे," एवढंच म्हणायचं होतं. मी चपला घातल्या आणि निघालो. अकरा वर्षं झाली त्याला.

चांदवडचं तुमचं रिवायंडिंगचं दुकान, जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं. मी नवा आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला टेकवून मूठ कानाला लावलीये. "काय म्हणते?" तुम्ही विचारता. "बेअरिंग गेलंय, उस्ताद." "कुठलं?" "खालचं." तुम्ही खूश होऊन चहा सांगता. त्याच दुपारी तांब्याच्या तारेने बोटं चिरली म्हणून मी कण्हलो, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "कुरकुर मोटारीनं करायची, मेकॅनिकनं नाय." हे मी इतकं पाळलं, की पुढे नाशकात माझी तीन दुकानं झाली तरी घरात बायकोनेसुद्धा माझं कण्हणं ऐकलं नाही.

गंगापूर रोडच्या हाडांच्या डॉक्टरांनी शेवटी एक्स-रे बाजूला ठेवले. "ऑपरेशनने काही होणार नाही. दुखणं राहील. त्याच्यासोबत जगायला शिकवतात अशा एक मॅडम आहेत, मानसोपचारवाल्या." मी म्हणालो, "कंबर जळलीये आणि रिवायंडिंग डोक्याचं करायचं का, साहेब?" ते हसले, चिठ्ठी दिली. ती चार महिने गाडीच्या कप्प्यात पडून होती. गेलो त्या दिवशी घरी सांगितलं, कोटेशन द्यायला चाललोय.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, कसं दुखतं? मी वर बघून म्हणालो, "तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय." "आणि तुमचं?" त्या म्हणाल्या. मी ऐकलं न ऐकलंसं करून, त्या नको नको म्हणत असताना पंखा बंद करून स्टुलावर चढलो. चढलो, पण उतरता येईना. दोन्ही हात पंख्याला, घाम फुटलेला. शेवटी म्हणालो, "धरा मला." कुणाला असं म्हणायची ती पहिलीच वेळ. खाली बसवून त्यांनी पाणी दिलं. मग मीच कबरस्तानातलं सगळं सांगितलं.

आता दर गुरुवारी जातो. दुखणं आहे तिथेच आहे. पण कळ आली की मी श्वास रोखून धरतो, हे एवढ्या वर्षांत आत्ता कळलं. थांबायचं कधी, चालायचं किती, हे शिकतोय. परवा त्या म्हणाल्या, "दुखण्यापेक्षा ते लपवण्यात तुम्ही जास्त दमता. कुणातरी एकाला सांगून बघा. आहे असं कुणी?" मी हसलो. "मॅडम, माझ्या फोनमध्ये अख्खा नाशिक जिल्हा आहे."

आणि आज सांगायला बसलो तर कागदावर तुमचं नाव आलं. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही आता रागावणार नाही. हा कागद ड्रॉवरमध्येच राहणार. सांगायला हवं ते तुमच्या मुलाला. दुकान तोच चालवतो. हायवेने जाताना ते दिसायला लागलं की मी गाडीची काच वर करतो. मघाशी फोन घेतला, म्हटलं लावूनच टाकू. नावं सरकवत गेलो. बोअरवाले, पाइपवाले, कांद्याचे व्यापारी, दोन माजी सरपंच. खालपर्यंत गेलो, परत वर आलो.

तुमच्या मुलाचा नंबर माझ्याकडे नाही.