राजाचं नाक

तीर्थरूप मामांस, तुमच्या नाकाच्या उपकारात असलेल्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? मामींचं बोलणं आणि गुडघ्याची कुरकुर एकदमच सुरू होते असं कळवलं होतंत. पैकी गुडघ्याला तेल लावून पाहा.

नाकाचं असं झालं. इथल्या किल्ल्याला तीनशे वर्षं झाली म्हणून नगरपालिकेने आमच्या कारखान्याकडून स्मारक नाणी मागवली: एका बाजूला किल्ला, दुसऱ्या बाजूला तो बांधणारा राजा. ठसा कोरायचं काम माझ्याकडे आलं. हे नीट झालं तर नोकरी कायम, असं मालक म्हणाले. (सहा वर्षं मी हंगामी आहे हे तुम्ही माझ्या लग्नात मुलीकडच्यांना सांगितलं नाहीत, त्याबद्दल आभार.) किल्ला समोरच उभा, तो दोन दिवसांत उरकला. राजाचं मात्र एकही चित्र नाही. समितीवरचे इतिहासाचे मास्तर म्हणाले, नाक करारी हवं आणि मिशी भरघोस. आता एवढ्यावर माणसाने काय कोरावं? शेवटी घरचा अल्बम काढला. तुमच्या निवृत्तीच्या समारंभात चष्मा पुसायला काढून, जेवणाच्या रांगेत मान पुढे करून, भांड्यांत किती उरलंय ते तुम्ही बघताय, असा फोटो निघाला. अगदी बाजूने काढलेला, नाण्याला हवा तसा. नजरेतला निर्धार तसाच ठेवला, मुकुट पदरचा घातला.

पण मी पडलो हाडाचा कारागीर, दिसेल ते कोरणार. तुमच्या नाकावरचा चष्म्याचा वणही कोरला गेला! हजार नाणी पडल्यावर मास्तरांनी भिंग लावलं आणि नेमकं त्या वणापाशी थांबवलं. म्हणाले, "शिरस्त्राणाचा वण! हे तुला कुठे सापडलं?" मी मान खाली घातली, त्यांना तो विनय वाटला. आता माहितीपत्रकात त्या वणावर दीड पान आहे. मला लाज वाटते, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटतो.

रविवारी प्रकाशन आहे, आणि मी शहाण्याने तुम्हाला आधीच निमंत्रण पाठवलंय. मास्तर दारातच उभे असणार. तेव्हा हात जोडतो, मिशी काढून या, नाहीतर गुडघ्याचं निमित्त करून येऊच नका. नोकरीवर पाणी पडेल हो.

तुमचा भाचा

ता. क. मिशीला तुम्ही हात लावू देणार नाही, ठाऊक आहे. मग निदान सगळ्यांशी समोरासमोर बोला. बाजूने कुणाला दिसू नका.

आणखी एक ता. क. नाही, तुम्ही याच. मालकांनी आज राजाच्या मुलाचंही नाणं काढायचं ठरवलंय, आणि माझं कायम होणं आता त्याच्यावर आलंय. न लढताच किल्ला देऊन टाकणारा तो हा. मास्तर म्हणतात, चेहरा बापाचाच हवा, पण तेज अजिबात नको. येताना तुमच्या चिरंजीवांना घेऊन या. कशासाठी ते मात्र त्याला सांगू नका.