पडद्यामागची राणी

बाई, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली. खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत मी तुमची फारशी आठवण काढलेली नाही. परवा मात्र तुम्ही थेट आमच्या ऑफिसच्या हॉलमध्ये येऊन बसलात. आमच्याकडे हल्ली निरनिराळ्या देशांतली माणसं आहेत, म्हणून वंशभेदावर मोकळेपणी बोलायची दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. मी मनात म्हटलं, हे दुखणं परदेशातलं, आपण कशाला त्याचं औषध घ्यायचं? तेवढ्यात माझ्या शेजारच्या टेबलावरची सुदानची मुलगी बोलायला उठली. ती पुण्यातच शिकली, विश्रांतवाडीत राहते आणि भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करते. घर शोधत होती तेव्हा फोनवर सगळे म्हणायचे, "या ना, बघून जा." ती दारात उभी राहिली की जागा नुकतीच गेलेली असायची.

"माझ्याबरोबरच्या सुदानी मुलांना जागा मिळाली," ती म्हणाली. "इथल्या एकट्या मुलींनापण मिळाली. मी काळी आणि एकटी मुलगी, दोन्ही. कशासाठी नाही म्हणाले, ते मला वेगळं करून सांगता येत नाही." शिकवणाऱ्यांनी याला एक लांबलचक इंग्रजी शब्द सांगितला. मी तो शहाण्या मुलीसारखा वहीत उतरवला आणि लिहितालिहिताच मला ती आठवली. शाळेत घंटा देणाऱ्या मावशींची मुलगी, माझ्याच वर्गातली.

आठवीचं गॅदरिंग जवळ आलंय. बुधवार पेठेतल्या आपल्या शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही एकेकीला नाटकातल्या राणीचं भाषण वाचायला लावताय. ती वाचते आणि मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा गप्प होतात. मग मी वाचते, अडखळत. तुम्ही एकदा तिच्याकडे बघता, एकदा माझ्याकडे, आणि म्हणता, "आवाज तुझा, चेहरा हिचा. झाली राणी!" सगळा वर्ग हसतो, मीही हसते. ती हसली का, ते मी पाहिलं नाही. पुढे महिनाभर ती पडद्यामागे उभी राहून बोलायची आणि मी पुढे ओठ हलवायचे. ती कुठे श्वास घेते हे मला इतकं पाठ झालं होतं, की प्रयोगाच्या दिवशी कुणालाच काही कळलं नाही.

पाहुण्यांनाही कळलं नाही, तिथंच पंचाईत झाली. बक्षीस देताना ते मला म्हणाले, "काय आवाज आहे पोरी! दोन वाक्यं पुन्हा म्हण बघू." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पुढे आलात, "अहो, तालमी करून करून घसा बसलाय हिचा," म्हणालात, आणि सगळ्यांदेखत पर्समधून खडीसाखर काढून माझ्या हातावर ठेवलीत. मी ती तोंडात टाकली. टाळ्या झाल्या. तेव्हा ती पडद्याच्या फटीत उभी होती.

मला तुमच्याशी भांडायचं नाही, बाई. विचारायचंय. तुम्ही स्वतः सावळ्या होता. पावडर गळ्यापाशी येऊन थांबायची, त्या रेघेवरून आम्ही कार्ट्या मागे हसायचो. मग तिला पडद्यामागे धाडताना तुमच्या मनात काय होतं? दुसऱ्या कुणी तिला नाटकातच घेतलं नसतं, आपण निदान आवाज तरी घेतला, असं? की प्रेक्षक तिला हसतील म्हणून तुम्ही तिला झाकलंत? ती काळी होती, मावशींची होती, तिचं आडनाव आमच्यासारखं नव्हतं. यातलं नेमकं काय तुम्हाला रंगमंचावर नको होतं, ते तुम्हाला तरी वेगळं करून सांगता आलं असतं का? मला हे खरोखर जाणून घ्यायचंय, आणि तुमच्याशिवाय कोणाला विचारणार?

कार्यशाळेत मी ही गोष्ट सांगितली. तुमच्या पहिल्या शब्दापासून खडीसाखरेपर्यंत, सगळी. टाळ्या वाजल्या. चहाच्या वेळी सुदानची मुलगी माझ्यापाशी आली. "मॅडम, त्या पुढच्या मुलीला नंतर वाईट वाटलं असेल ना? तिनं कधी सॉरी म्हटलं का हो?" मी म्हटलं, "काय माहीत." आणि चहा घेतला.

हे पत्र कुठे टाकायचं, बाई? तुम्हाला आता पत्ता उरला नाही. मावशींच्या मुलीचा पत्ता मी इतक्या वर्षांत शोधला नाही. सोमवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तरी खरं सांगायला हवं. तुमचा सगळा दोष मी चारचौघांत सांगितला. त्या गोष्टीत स्वतःला मात्र राणी न ठेवता प्रेक्षकांत, तिसऱ्या रांगेत बसवलं. टाळ्या पुन्हा मीच घेतल्या.